पोतंभर डाव्या मुठी

वखारीच्या करवतीची घरघर गावाच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ती थांबल्यावर कोंबड्यासुद्धा बावचळल्यासारख्या फिरू लागल्या. डोंगरावरची तोड बंद झाली, ओंडके येईनात, मालकाने यंत्रं विकली आणि फाटकाला कुलूप ठोकलं. वखारीत राबलेली माणसं एकेक करून मुकादमाला भेटू लागली. हा मुकादम लांबच्या रस्त्याच्या कामाला माणसं नेत असे. त्याच्या हातात बारा महिने काळी छत्री. तिची मूठ कधीच तुटून गेली होती आणि उरलेल्या सळईला त्याने सुतळी गुंडाळली होती.

"बोल मिस्त्री, येतोस ना?" मुकादमाने अंगणात उभं राहून विचारलं.

मिस्त्री वखारीत करवतीवर होता. त्याने मान खाजवली. "कापणी लागेपर्यंत थांबा. मग सांगतो."

"कापणी लागली की ट्रक घेऊन येतो. तेव्हा मात्र गुळमुळीत बोलू नकोस."

आत त्याच्या बायकोने ते ऐकलं आणि हातातलं भांडं उगाचच पुन्हा घासलं. मागे एकदा तो असाच रस्त्यावर गेला होता. परत आला तेव्हा बरगड्या मोजून घ्याव्यात असा झालेला, आणि खोकला तर असा की रात्री शेजारी भिंतीवर थाप मारायचे. लेक तेव्हा नुकती बोलायला लागली होती. तिने बापाकडे बोट दाखवून "पाहुणा" म्हटलं. सगळे हसले होते. बायकोही हसली होती. मग चुलीपुढे बसून पोटभर रडली होती, कारण धूर असला की कुणी काही विचारत नाही.

आता त्याने जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. पण "जाऊ नका" म्हणून पोट भरत नाही, हेही तिला कळत होतं.

घरात एक विद्या होती, ती सासऱ्याची. म्हातारा विळ्या-खुरप्यांच्या मुठी करायचा. त्याच्याकडे मूठ करून घ्यायला गेलं, की तो आधी ओल्या मातीचा जाडसर गोळा हातात द्यायचा आणि म्हणायचा, "आवळ. कापायला वाकलायस असं समज आणि आवळ." मातीत बोटं उमटायची, अंगठ्याचा खळगा पडायचा. तो गोळा सावलीत वाळवून फळीवर ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत बघत बाभळीचं लाकूड कोरायचं. अशी मूठ हातात बसली की दिवसभर कापणी करा, फोड म्हणून येत नसे. फळीवर अख्ख्या गावाचे हात मांडलेले होते. त्यातले काही हात आता जगात नव्हते, पण म्हातारा ते गोळे फेकू देत नसे.

पुढे म्हाताऱ्याची नजर मंदावली, तेव्हा कोरायचं काम मिस्त्रीकडे आलं. काचकागद मारून तेल चोळायचं काम सुनेकडे. म्हातारा मूठ हातात घेऊन डोळे मिटायचा आणि "हं" म्हणायचा. त्याचं "हं" आलं की मूठ पुरी झाली. पण हे सगळं फावल्या वेळचं. मोबदला म्हणून कुणी टोपलंभर काही आणून द्यायचा, कुणी नुसता आशीर्वाद.

"आशीर्वादाला फोडणी देता येत नाही," सून एकदा म्हणाली होती. सासऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गावच्या कचेरीच्या ओसरीवर आठवड्यातून एकदा एक बाई येऊन बसत. ज्यांना स्वतःचा धंदा काढायचा, त्यांना सल्ला द्यायचा, ओळखी करून द्यायच्या, हे त्यांचं काम. गावाने त्यांचं नाव सल्लाबाई पाडलं होतं. सुरुवातीला त्यांच्याकडे फक्त एक पानवाला जायचा, तोही पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून. सून गेली ती मात्र पदराखाली एक मूठ घेऊन गेली.

सल्लाबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि मग लिहीत लिहीत इतके प्रश्न विचारले की सून घामाघूम झाली. लाकूड कुठून? दिवसात किती होतात? एका मुठीला तुमचा किती वेळ जातो?

"माझा?" सून म्हणाली. "माझा वेळ कशाला धरायचा? मी घरचीच आहे."

"वहिनी, तुमचा हात काय रस्त्यावर पडलाय?" सल्लाबाईंनी लिहिणं थांबवलं. "त्याचंही मोल धरायचं. नाहीतर धंदा चाललाय असं वाटतं आणि प्रत्यक्षात तो तुम्हाला खाऊन चालत असतो."

हे वाक्य सुनेला फार आवडलं. घरी जाईपर्यंत तिने ते मनात चारदा म्हटलं.

मग सल्लाबाई घरी आल्या. फळीवरचे हात बघून खूश झाल्या. पण म्हणाल्या, "असं प्रत्येकाच्या हाताचं करत बसलात तर गावापुरतेच राहाल. तीन मापं ठरवा. लहान, मधलं, मोठं. बाजारपेठेतल्या हार्डवेअरवाल्या शेठशी मी बोलते. तो माझ्या शब्दावर घेईल. पण एक ऐका मिस्त्री, पहिल्यांदा थोड्याच द्या. लोकांच्या हातात पडू देत. काय बोलतात ते कान देऊन ऐका, मगच पुढच्या करा."

"हो हो," मिस्त्री म्हणाला. तो ज्या तऱ्हेने "हो हो" म्हणाला, त्यावरूनच बायकोने ओळखायला हवं होतं.

तिन्ही मापांच्या नमुन्याला हात कुणाचा घ्यायचा, याची चर्चासुद्धा झाली नाही. म्हाताऱ्याचा. त्याच्यासारखी पकड गावात कुणाची नव्हती. त्याने माती आवळली, डोळे मिटले, "हं" म्हटलं. मिस्त्रीने पहिली मूठ कोरली. सल्लाबाई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन बघितली. "वा, काय बसते हो!" असं म्हणून त्यांनी वहीत तसं लिहूनही टाकलं.

आणि मग मिस्त्री पेटला. कापणी तोंडावर आली होती, मुकादमाचा ट्रक डोळ्यांपुढे दिसत होता. थोड्याच करायच्या हा सल्ला त्याने लाकडाच्या भुशाखाली पुरला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी गत. पहाटे उठून तासणी हातात घ्यायचा, ती ऊन उतरेपर्यंत. अंगणभर भुसा. जेवणात भुसा, अंथरुणात भुसा, लेकीच्या केसांत भुसा. त्याच्या दंडात पुन्हा बेटकुळ्या आल्या आणि तो वखारीतली जुनी गाणी बेसूर म्हणू लागला. सून एका हातात मूठ धरायची, दुसऱ्याने काचकागद फिरवायची. म्हातारा एकेक हातात घेऊन "हं" म्हणायचा. त्या दिवसांत त्याचं "हं" घरभर घुमत होतं. सुनेच्या बोटांची कातडी पातळ झाली, मिठाचं पाणी लागलं की झोंबायची, पण इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. नवरा घरात होता, कामात होता आणि गात होता. बेसूर का होईना.

पोतं भरलं. मिस्त्रीने ते सायकलला बांधलं आणि ऐटीत बाजारपेठेत नेऊन दिलं. शेठ गिऱ्हाइकांत होता. त्याने पोत्याकडे बघितलंही नाही. "बाईंनी सांगितलंय ना? ठेव कोपऱ्यात," म्हणाला.

पुढच्या बाजाराला मिस्त्री हिशेबाला गेला. दुकानात गर्दी होती. शेठने त्याला बघितलं आणि पोत्यातली एक मूठ काढून गल्ल्यावर आपटली.

"ये ये, कारागीर! ही कुणाच्या हाताची केलीयस? माकडाच्या?"

मिस्त्रीला काही कळेना.

"धरून दाखव."

त्याने उजव्या हातात मूठ धरली. अंगठ्याचा खळगा भलत्याच बाजूला. बोटं एकीकडे, खाचा दुसरीकडे. हात त्या लाकडावर नुसता तरंगत होता. मागे उभं असलेलं खुरप्याचं एक गिऱ्हाईक फिस्सकन हसलं आणि मग सगळंच दुकान हसलं. मिस्त्रीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. त्याने पोतं उचललं. दाराची वरची चौकट डोक्याला लागली, तेव्हा लोक आणखी हसले.

घरी येऊन त्याने पोतं गोठ्याच्या भिंतीआड टाकलं आणि हात धुऊ लागला. खूप वेळ धूत होता.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. मुकादम आला की जातो मी."

ती गोठ्याकडे गेली. पोत्यात हात घालून एक मूठ काढली. नेहमीसारखी डाव्या हातात धरली, तर लोण्यात बोट बुडावं तशी बसली. मग तिने ती उजव्या हातात घेतली.

आणि तिला सगळं एकदम दिसलं. काचकागद तिच्या उजव्या हातात असायचा, म्हणून मूठ डाव्या हातात. सल्लाबाईंच्या उजव्या हातात पेन, म्हणून मूठ डाव्या हातात. नवऱ्याने तर एकही कधी आवळून पाहिली नाही, ते काम बापाचं. आणि बाप डावखुरा! गावाने त्याचं नावच डावरे ठेवलं होतं. जेवताना त्याचा तांब्या डावीकडे ठेवायचा, काठी डावीकडे टेकायची, हे तिच्या इतकं हाडीमासी खिळलं होतं की तो डावखुरा आहे हेच ती विसरून गेली होती. एकेका माणसाची मूठ करायचे तोवर काही बिघडत नव्हतं, ज्याची माती त्याचा हात. आता अख्ख्या बाजाराची मूठ या एका डाव्या हातावर कोरली गेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

तिला रडू यायला हवं होतं, पण आधी हसूच आलं. भिंतीला टेकून, पोट धरून ती हसली. नवरा धावत आला, तेव्हा "अहो, मामंजी डावखुरे!" एवढंच ती कशीबशी म्हणाली. त्याने तिला हसताना बघितलं, मग पोत्याकडे बघितलं, आणि बराच वेळ रागावून राहायचा प्रयत्न करून शेवटी तोही खुदकन हसला.

म्हातारा मात्र हसला नाही. दारात उभं राहून त्याने सगळं ऐकलं होतं. तो आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. जेवायलाही उठेना.

सून ताट घेऊन त्याच्याजवळ बसली. "मामंजी, उठा. अन्नावर कसला राग?"

"माझ्या हातामुळे पोरगा घर सोडून चालला."

"हाताने काय केलंय?"

म्हाताऱ्याने डावा हात छातीशी ओढून घेतला. मग भिंतीकडे बघतच म्हणाला, "लहान होतो तेव्हा आई हा हात कमरेला बांधून ठेवायची. उजव्याने काम करायची सवय लागावी म्हणून. पहिला विळा हातात आला तोही दुसऱ्याचा, उजव्याचा. डाव्या हातात धरला की फोड. सगळे पुढे कापत जायचे आणि मी मागे, हात चोखत. मग एकदा रागाने मूठ फोडून टाकली आणि चिखलात हात आवळला. त्याच्यावर बघून नवी कोरली." तो थांबला. "ती पहिली."

सुनेला हे ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे ही विद्या निघालीच या हातातून," ती म्हणाली. "मग तिला नावं कशाला ठेवता? चला, उठा. कालवण गार होतंय. गार खाऊन तुमचं पोट दुखलं तर तेही मलाच बघायचंय."

म्हातारा उठला. सुनेने तांब्या डावीकडे सरकवला.

सल्लाबाई आल्या त्या दिवशी नवरा-बायको दोघं कचेरीच्या ओसरीवर गेले. मिस्त्रीला वाटलं होतं, बाई आता धुऊन काढणार. सल्लाबाईंनी मूठ आधी एका हातात घेतली, मग दुसऱ्या हातात, आणि कपाळावर हात मारून घेतला. "मीसुद्धा डाव्यातच धरली होती! आणि वर 'उत्तम' असं लिहून ठेवलंय."

"आम्ही थोड्याच करायला हव्या होत्या," मिस्त्री पुटपुटला.

"ते तर झालंच. पण आता रडत बसायला वेळ नाही, कापणी लागलीय." त्यांनी वही मिटली. "शेठला मी माझ्या शब्दावर दिल्या होत्या, तर त्याच्याशी मीच बोलते. त्याला उजव्या द्या, आणि या खेपेला मोजक्याच. आता या डाव्यांचं. बाजारात माणसं किती! त्यातली डावखुरी थोडी असतील, पण असतील. त्यांना आजवर कुणी काही करून दिलंय का?"

सून म्हणाली, "नाही."

"मग शेठच्या कोपऱ्यात ठेवून ती माणसं सापडणार नाहीत. स्वतः बाजारात बसा. ओरडून विकू नका. हातात द्या."

"पण कुणाच्या? डावखुरा माणूस कपाळावर लिहून येतो होय?" मिस्त्री म्हणाला.

सुनेला उत्तर सापडलं होतं. घरी येऊन ती म्हाताऱ्याला म्हणाली, "मामंजी, धुतलेला सदरा घाला. तुम्हाला बाजारात बसायचंय."

बाजारात त्यांनी एका झाडाखाली गोणपाट अंथरलं. एकीकडे डाव्या मुठी, दुसरीकडे मिस्त्रीने रात्रीचा दिवस करून केलेल्या थोड्या उजव्या. मध्ये ओल्या मातीचं घमेलं, वर ओलं फडकं. हाताची अडचण असलेल्याला तिथेच माप देता यावं, ही सुनेची कल्पना. पहिला बराच वेळ कुणी फिरकलं नाही. माशा मात्र आल्या.

मग म्हातारा हळूच म्हणाला, "तो बघ, दोरीवाला."

"काय त्याचं?"

"गाठ कशी मारतोय बघ. आपल्यातला आहे. बोलाव."

मिस्त्रीने बोलावलं. दोरीवाला आला. म्हाताऱ्याने डावी मूठ पुढे केली. दोरीवाल्याने ती सहज डाव्या हातात घेतली आणि त्याच्या भुवया वर चढल्या. "अरे तिच्या!" एवढंच म्हणाला. एक घेतली. थोडं पुढे जाऊन परत आला आणि मेहुण्यासाठी आणखी एक घेतली.

त्यानंतर म्हाताऱ्याला चेव आला. नजर मंद झालेला हा माणूस भर बाजारात आपली माणसं वेचू लागला. कुणी पिशवी कोणत्या खांद्याला अडकवलीय, कुणी माशी कोणत्या हाताने उडवतोय, कुणी पोराच्या पाठीत कोणत्या हाताने धपाटा घातलाय. "ती बघ, धपाटेवाली. शंभर टक्के." सून उठून जायची आणि घेऊन यायची. एकदोनदा चुकला, तेव्हा सुनेने पटकन उजवी मूठ पुढे केली. तीही खपली.

उन्हं कलताना एक म्हातारी आली. शेतात राबून हात काळेकुळे झालेले, उजव्या तळव्यावर घट्टेच घट्टे. ती म्हणाली, "मी काही डावखुरी नाही बाबा. घरात चालायचं नाही ते."

"बरं," म्हातारा म्हणाला. "नुसती धर की."

तिने इकडेतिकडे बघितलं आणि मूठ डाव्या हातात घेतली. बोटं आपसूक मिटली. हात हवेत जरासा फिरला, कापणीत फिरतो तसा. मूठ ती खाली ठेवेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती.

"आधी कुठं होतात रे तुम्ही?" शेवटी ती म्हणाली.

"इथंच होतो," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज फाटला. सुनेने तोंड फिरवून घमेल्यातली माती उगाच मळली.

पोतं रिकामं झालं नाही. खाली बऱ्याच राहिल्या. पण पोतं मिस्त्रीने सायकलला बांधलं ते कंबर ताठ ठेवून, आणि वाटेत शेठचं दुकान लागलं तेव्हा मान खाली घातली नाही. शेठनेच हाक मारली. उजवी एक मूठ उजव्या हातात, सगळ्यांसमोर, दोनदा आवळून बघितली. "या आण. थोड्या आण आधी," म्हणाला. "आणि डावी एक ठेवून जा. माझा भाऊ आहे तसला."

मुकादम ठरल्याप्रमाणे आला. ट्रक वळणावर उभा होता, त्यात वखारीतली ओळखीची तोंडं होती. सून पडवीत काचकागद घेऊन बसली होती. बाहेर त्याची हाक ऐकून तिचा हात थांबला.

"काय मिस्त्री, बांधलं का गाठोडं?"

मिस्त्री अंगणात तासणी घेऊन बसला होता. ट्रकातून कुणीतरी त्याला हात केला. त्यानेही केला. मग तो उठला, घमेल्यातून मातीचा गोळा उचलला आणि मुकादमापुढे धरला.

"आवळा."

"आं? मला काय करायचाय विळा?"

"विळा नाही. छत्री धरलीय असं समजा आणि आवळा. किती वर्षं ती सुतळी धरून फिरताय? बघवत नाही."

मुकादमाने एकदा ट्रककडे बघितलं, एकदा छत्रीकडे. मग छत्री काखेत मारून त्याने गोळा हातात घेतला आणि जीव खाऊन आवळला. मिस्त्रीने तो अलगद काढून फळीवर, गावाच्या हातांत, नेऊन ठेवला.

"कधी मिळेल?" मुकादमाने विचारलं.

"रस्त्याचं काम आटोपून आलात की न्या. मी इथंच आहे."

मातीचे हात झटकत मुकादम ट्रककडे निघाला.

"अरे थांबव त्याला!" पडवीतून म्हातारा ओरडला. "छत्री रोज कोणत्या हातात धरतो ते विचार आधी!"

मिस्त्री हसत हसत अंगणाच्या फाटकाकडे धावला. आत काचकागद पुन्हा सुरू झाला, आणि सून नवऱ्याचं ते वखारीतलं गाणं गुणगुणू लागली. तिला सूर बरा लागत होता.